पुण्यातल्या छोट्या क्राफ्ट बिअर आणि संगीत महोत्सवाला येण्यापूर्वी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरली आणि संध्याकाळी हवेत गारवा आला की पुण्यात मुंढवा, कोरेगाव पार्क, बाणेर अशा भागांत एखादे मोकळे आवार शोधून छोटे बिअर आणि संगीत महोत्सव भरू लागतात. आठ-दहा स्टॉल, एक मंच, खाण्याची चार दुकाने आणि चार-पाचशे माणसे, असा त्यांचा साधारण आवाका असतो. अशा काही महोत्सवांत मी प्रवेशद्वारावर मनगटपट्ट्या बांधण्याचे काम केले आहे. तिथे रांगेत पुन्हा पुन्हा विचारल्या गेलेल्या प्रश्नांची उत्तरे खाली दिली आहेत. प्रत्येक आयोजकाचे नियम थोडे वेगळे असतात, त्यामुळे तिकिटावरचा मजकूर एकदा वाचावाच.

क्राफ्ट बिअर म्हणजे नेमके काय? दुकानातल्या बाटलीपेक्षा ती वेगळी कशी?

बिअरला मुळात चारच गोष्टी लागतात: पाणी, मोड आणून भाजलेले सातू म्हणजे माल्ट, हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुले आणि यीस्ट. मोठ्या कारखान्यात हीच बिअर लाखो लिटरमध्ये, वर्षभर एकाच चवीची निघावी अशी बनवतात. बऱ्याचदा माल्टच्या जोडीला तांदूळ, मका किंवा साखर वापरतात, आणि बिअर गाळून, पाश्चरीकरण करून बाटलीत भरतात, म्हणजे ती महिनोन्‌महिने टिकते. क्राफ्ट बिअर लहान घाण्यांत बनते. कोणता माल्ट किती भाजायचा आणि हॉप्स कधी घालायचे हे तिथे ब्रुअर, म्हणजे बिअर बनवणारा, स्वतः ठरवतो, आणि ती बहुधा न गाळता, पाश्चरीकरण न करता थेट केगमधून, म्हणजे बिअरच्या धातूच्या पिंपातून, ग्लासात येते. म्हणून ती थोडी गढूळ दिसते. ग्लास उजेडाकडे धरून 'ही खराब झाली आहे का' असे विचारणारे दर वर्षी भेटतात; गव्हाची बिअर तशीच दिसायला हवी.

पुण्याचा या विषयाशी संबंध जुना आहे. डूलाली २००९ मध्ये इथेच सुरू झाली आणि महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी, म्हणजे स्वतः बिअर बनवून तिथेच पाजणारे छोटे ठिकाण, ठरली. पुढे २०१४ च्या सुमारास मुंढव्यात इंडिपेन्डन्स ब्रुइंग कंपनी आली, डोंबिवलीत गेटवे ब्रुइंग उभी राहिली, आणि नंतर ग्रेट स्टेट एलवर्क्ससारख्या पुणेकर मंडळींनी मीठ-कोकमाची बिअरही बनवून दाखवली. बव्हेरियात १५१६ साली झालेल्या कायद्यानुसार बिअरमध्ये पाणी, सातू आणि हॉप्स एवढेच चालत असे. त्या हिशेबाने कोकम घातलेले पेय बिअरच नव्हे. परंतु ज्याने ऐन मे महिन्यात सोलकढी प्यायली आहे त्याला आंबट-खारट थंड पेयाचे समर्थन कोणी शिकवायला नको.

मला बिअर कडू लागते. माझ्यासाठी काही आहे का?

आहे, आणि बहुतेक वेळा तेच अधिक असते. कडवटपणा हॉप्समुळे येतो आणि सगळ्याच प्रकारांत तो सारखा नसतो. पहिला घोट जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरचा घ्यावा. तिला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. तिच्यात केळे किंवा लवंग काहीच घातलेले नसते, तो वास त्या विशिष्ट यीस्टचा असतो. बेल्जियन पद्धतीच्या विटबिअरमध्ये मात्र खरोखरच धने आणि संत्र्याची साल घालतात, त्यामुळे ती आपल्या जिभेला लगेच ओळखीची वाटते. सफरचंदाची सायडर किंवा मधापासून आंबवलेले मीड हेही चांगले पर्याय आहेत. पुण्याच्याच मूनशाईन मीडरीमुळे मीड आता इथे अनोळखी राहिलेले नाही. स्टाउट हा प्रकार काळाकुट्ट दिसतो म्हणून लोक त्याला घाबरतात. त्याचा रंग आणि चव खरपूस भाजलेल्या धान्याची असते, त्यामुळे बिनसाखरेची कॉफी आवडणाऱ्यांना तो बहुधा आवडतो. काळा रंग म्हणजे जास्त चढणारी बिअर, हा समज चुकीचा आहे. अनेक स्टाउट साध्या लागरपेक्षा, म्हणजे दुकानातल्या नेहमीच्या फिकट बिअरपेक्षा, सौम्य असतात.

आयपीए म्हणजे 'इंडिया पेल एल', या बिअरच्या नावातला पहिला शब्द 'इंडिया' आहे हे कळल्यावर पुष्कळांना ती चाखावीशी वाटते. इंग्लंडहून जहाजाने निघालेली बिअर केप ऑफ गुड होपला वळसा घालून कित्येक महिन्यांनी मुंबई-कलकत्त्याच्या बंदरांत पोचत असे, आणि हॉप्समुळे बिअर टिकते म्हणून या प्रवासाच्या बिअरमध्ये ते भरपूर घालत. ती इथल्या इंग्रज अधिकाऱ्यांसाठी येत होती, आपल्यासाठी नव्हे. कडवटपणाला तयार नसाल तर ही संध्याकाळच्या शेवटी घ्या, कारण तिच्यानंतर हलक्या बिअरची चव लागतच नाही.

स्टॉलवरच्या फळीवर प्रत्येक बिअरपुढे दोन आकडे लिहिलेले असतात. टक्केवारीचा आकडा मद्यार्काचा, आणि दुसरा, आयबीयू, कडवटपणाचा. आयबीयू १०-१५ असेल तर कारल्याची भीती बाळगू नका. ५०-६० असेल तर बाळगा.

ग्लास केवढा असतो, आणि एका संध्याकाळी किती चाखता येते?

चाखण्याचा पेला साधारण ९० ते १०० मिलिलिटरचा, छोटा ग्लास ३३० चा आणि मोठा ५०० चा असतो. माझे स्पष्ट मत असे की छोट्या महोत्सवात मोठा ग्लास घेणे म्हणजे थाळीच्या खानावळीत जाऊन नुसता भात खाण्यासारखे आहे. आठ स्टॉल आहेत, प्रत्येकाने काहीतरी वेगळे केले आहे. चाखण्याचे पेले घ्या, दोघांत-तिघांत वाटून घ्या, आणि आवडलेल्या एकाच बिअरचा ग्लास शेवटी निवांत बसून प्या.

पेले छोटे असल्याने हिशेब मात्र चुकतो. शंभर मिलिलिटरचे सहा पेले म्हणजे सहाशे मिलिलिटर, आणि बिअर पाच टक्क्यांची असेल तर त्यात सुमारे २४ ग्रॅम मद्यार्क असतो. शरीर तासाला साधारणपणे सात ते दहा ग्रॅमच निचरा करते, तोही माणसागणिक बदलतो. त्यामुळे अडीच-तीन तासांच्या कार्यक्रमात सहा पेले हा सावकाश पिणाऱ्याचा आकडा झाला. फळीवर आठ टक्के लिहिलेले असेल तर हाच हिशेब नव्याने मांडावा. मधेमधे पाणी प्यावे. पाण्याची टाकी कुठे आहे हे बिअरचा पहिला स्टॉल शोधण्याआधी पाहून ठेवणारे लोक मला फार शहाणे वाटतात.

ग्लासात अर्धा फेसच का येतो? ही फसवणूक आहे का?

बहुतेक वेळा नाही. चांगल्या ओतलेल्या बिअरवर दोन बोटे फेस हवाच. वास त्याच्यातूनच वर येतो. ओतणाऱ्याकडे नीट पाहा. तो ग्लास तिरका धरतो, नळ एकदम पूर्ण उघडतो, धार ग्लासाच्या कडेवरून सोडतो, आणि ग्लास दोन तृतीयांश भरला की तो सरळ करतो. नळ अर्धवट उघडला की नुसता फेस येतो. ग्लास तेलकट असेल तर फेस क्षणात बसतो. स्वच्छ ग्लासात दर घोटागणिक कडेला पांढरी जाळी उरत जाते. भज्याचे तेल लागलेली बोटे ग्लासाच्या कडेला लावू नका, असे मी मित्रांना म्हणते आणि ते माझ्याकडे विचित्र नजरेने पाहतात.

कधीकधी मात्र खरोखरच बिघडते. केग आणि नळी थंड राहिली नाही की बिअरमधला वायू सुटतो आणि नळातून फेसाशिवाय काही येत नाही. एका महोत्सवात बर्फाचा टेम्पो दीड तास उशिरा आला; तोवर एक ब्रुअर फेस बादलीत ओतत, प्रत्येक गिऱ्हाइकाची माफी मागत उभा होता, आणि रांगेतल्या एका आजोबांनी त्याला आपल्याकडची पाण्याची बाटली दिली. अशा वेळी अर्धा ग्लास फेस मिळाला तर 'थोडी भरून द्या' असे सांगावे. कोणताही चांगला ब्रुअर भरून देतो.

वयाची अट काय आहे? ओळखपत्र आणि परवाना लागतो का?

महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आणि कडक मद्यासाठी २५ वर्षांची आहे. एकाच आवारात दोन्ही मिळणार असेल तर काही आयोजक गोंधळ टाळण्यासाठी सरसकट २५ ची अट ठेवतात, म्हणून तेविशीतल्या मंडळींनी तिकीट काढण्यापूर्वी ती ओळ तपासावी. आधार कार्ड, वाहन परवाना किंवा पारपत्र यांपैकी काहीतरी सोबत ठेवा. मोबाइलमधला पुसट फोटो दाखवून 'ताई, चाळीस वर्षांचा आहे, दिसत नाही का' असे म्हणणाऱ्यांनाही आम्हाला थांबवावेच लागते, कारण तपासणीला अधिकारी आले तर उत्तर त्या पाहुण्यांना नव्हे, आम्हाला द्यावे लागते.

परवान्याचा प्रश्न ऐकून परराज्यातले पाहुणे चकित होतात. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात मद्य विकत घेण्यासाठी, बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी व्यक्तीला परवाना लागतो. एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना मिळतो आणि आजीवन परवाना हजार रुपयांना. बहुतेक ठिकाणी एक दिवसाचा परवाना प्रवेशाच्या वेळीच देतात. ती कागदाची चिठोरी खिशात ठेवा, फेकू नका. आयोजकाला याखेरीज राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून कार्यक्रमाचा वेगळा परवाना काढावा लागतो, आणि तो ऐनवेळी न मिळाल्याने कार्यक्रम पुढे ढकलला जाणे ही अगदीच दुर्मीळ गोष्ट नाही.

मुलांना आणता येईल का?

दुपारच्या सत्रात काही महोत्सव येऊ देतात, संध्याकाळी बहुधा नाही. आणलेच तर मुलांच्या कानांसाठी आवाज अडवणारे हेडफोन आणावेत आणि मंचासमोरच्या स्पीकरपासून लांब बसावे.

तिकीट आणि कूपनांची पद्धत कशी असते?

प्रवेशाचे तिकीट वेगळे आणि बिअरचे पैसे वेगळे, ही सर्वसाधारण पद्धत आहे. तिकिटात एखादा चाखण्याचा पेला किंवा काचेचा ग्लास धरलेला असू शकतो. आवारात पैसे बहुतेक कूपनांवर किंवा मनगटपट्टीत भरलेल्या रकमेवर चालतात. एकदम दोन हजारांची कूपने घेऊ नका. पाचशेची घ्या, संपली की पुन्हा रांगेत उभे राहा. चारशे मोबाइल एकाच टॉवरवर आले की यूपीआय अडखळते, म्हणून थोडी रोकड जवळ असू द्या. मद्यावर जीएसटी नसून राज्याचा व्हॅट असतो आणि खाण्यावर जीएसटी असतो, त्यामुळे दोन पावत्या वेगवेगळ्या निघाल्या तर कोणी तुम्हाला दोनदा लुबाडत आहे असे समजू नका.

संगीत कोणत्या प्रकारचे असते, आणि रात्री दहाला सगळे का थांबते?

छोट्या महोत्सवांत बहुधा स्थानिक बँड असतात. ब्लूज, इंडी रॉक, फंक, एखादा मराठी गाणी करणारा गट, आणि दुपारी एकटा गिटार घेऊन बसलेला गायक, असा क्रम असतो. मोठ्या महोत्सवात कलाकार मुंगीएवढा दिसतो; इथे तुम्ही मंचापासून वीस फुटांवर असता आणि ढोलकीवाल्याच्या जागी बसलेल्या ड्रमरच्या हातातली काठी मोडलेली दिसते. दोन बँडच्या मधे वीस-पंचवीस मिनिटे 'चेक, चेक' चालते. हा वेळ कंटाळवाणा वाटतो, पण बिअरच्या रांगेत उभे राहण्यासाठी तो सर्वांत वाईट असतो, कारण सगळेच तेव्हा उठतात. गाणे अर्ध्यावर असताना उठलात तर दोन मिनिटांत ग्लास मिळतो. फक्त तिसऱ्या ओळीतल्या रसिकाच्या समोरून वाकून जा.

दहाचे बंधन आयोजकाच्या लहरीवर नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवण्याची मुभा शासनाला आहे, पण ती खाजगी बिअर महोत्सवाला मिळेल अशी आशा धरू नये. पुणेकरांना हे नवीन नाही. १९५३ साली सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवात एके काळी मैफली रात्रभर चालून पहाटेच्या रागांपर्यंत जात; या नियमांनंतर त्यालाही दहाच्या आत आवरावे लागू लागले. सवाईला जे जमले ते आपल्या फंक बँडला जमायला हरकत नाही. परिणाम एवढाच की मुख्य बँड आठ-सव्वाआठला सुरू होतो. 'नऊनंतर जाऊ, तेव्हाच रंगते' या हिशेबाने येणाऱ्यांना दोन गाणी आणि बंद होत असलेले नळ मिळतात. साडेपाचला या; ऊन उतरलेले असते, केग नुकतेच उघडलेले असतात, आणि ब्रुअरला बोलायला वेळ असतो.

ब्रुअरशी काय बोलावे? मला त्यातले काही कळत नाही.

म्हणूनच बोलावे. 'यातली तुमची स्वतःची आवडती कोणती' हा एक प्रश्न पुरतो. हा केग कधी भरला, हेही विचारायला हरकत नाही. हॉप्सचा वास आठवड्यागणिक उतरत जातो, त्यामुळे आयपीए जितकी ताजी तितकी चांगली. हापूसची बिअर डिसेंबरात दिसली तर आंबा कुठून आला हे विचारा. उत्तर बहुधा 'पल्प' असे असते आणि ते प्रामाणिकपणे दिले जाते. एक करू नका: दुसऱ्या स्टॉलवरची बिअर कशी वाईट होती हे इथे सांगू नका. हे सगळे एकमेकांना यीस्ट उसने देणारे लोक आहेत.

खायला काय असते? शाकाहारी, ग्लूटेन टाळणाऱ्या लोकांनी काय पाहावे?

बर्गर-फ्राईज सगळीकडे असतात, पण हल्ली तर्रीदार मिसळ, सुकट, कोथिंबीर वडी असे स्टॉलही दिसतात. चकणा म्हणून मसाला शेंगदाणे चांगले. पण रिकाम्या पोटी शेंगदाण्यांवर तीन तास काढू नका, येण्यापूर्वी वरण-भात खाऊन या. गव्हाच्या बिअरबरोबर तळलेले मासे छान लागतात, आणि स्टाउटबरोबर मटणाचे सुके. तिखटजाळ मिसळ आणि कडवट आयपीए एकत्र घेतले तर दोन्हींचा त्रास वाढतो.

सातू आणि गहू दोन्हींत ग्लूटेन हे प्रथिन असते, त्यामुळे ते न सोसणाऱ्या, म्हणजे सीलिअॅकच्या रुग्णांनी बिअर टाळावी आणि सायडर किंवा मीडबद्दल विचारणा करावी. 'मिल्क स्टाउट'मध्ये दुधातली साखर असते. दूध न पचणाऱ्यांनी तिच्याकडे जाऊ नये. काही पारंपरिक बिअर माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून काढलेल्या पदार्थाने नितळ करतात, म्हणून कडक शाकाहारी असाल तर विचारून घ्या. गढूळ बिअरला त्याची गरजच पडत नाही.

मी पीत नाही. आलो तर चालेल का?

जरूर या. संगीताचे तिकीट तुम्हालाही लागू आहे, आणि कोकम सरबत, आले घातलेला सोडा, कोंबुचा (आंबवलेला चहा) असे काहीतरी बहुतेक ठिकाणी असते. आग्रह करणारा एखादा मित्र प्रत्येक टोळक्यात असतोच. त्याला एकदा नाही म्हणून सांगा आणि दुसऱ्यांदा त्याच्या हातातली गाडीची किल्ली मागा. गरोदर असलेल्यांनी आणि औषधे चालू असलेल्यांनीही हाच मार्ग धरावा. मेट्रोनिडाझोलसारख्या गोळ्यांच्या डब्यावरची सूचना उगाच छापलेली नसते.

यायचे-जायचे कसे? एक-दोन पेल्यांनंतर गाडी चालवता येते का?

चालवू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळला तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ही मर्यादा इतकी खाली आहे की 'मी ठीक आहे' या वाटण्याला तिथे किंमत नाही. दुचाकीलाही हेच लागू आहे, आणि पुण्यात हे वेगळे सांगावे लागते.

वनाझ–रामवाडी मेट्रो बंडगार्डन आणि कल्याणीनगरवरून जाते, त्यामुळे कोरेगाव पार्कच्या बाजूचा कार्यक्रम असेल तर ती उत्तम; पिंपरी-चिंचवड किंवा स्वारगेटकडून येणाऱ्यांना जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलता येते. शेवटच्या गाडीची वेळ येतानाच पाहून ठेवा. दहाला कार्यक्रम सुटल्यावर चारशे माणसे एकाच क्षणी कॅब शोधतात आणि भाडे तिप्पट होते. एक तर पावणेदहाला निघा, नाहीतर साडेदहापर्यंत गप्पा मारत थांबा.

स्त्रियांनी एकट्याने येणे सुरक्षित आहे का?

माझ्या अनुभवात छोटे महोत्सव यासाठी मोठ्यांपेक्षा बरे, कारण काही बिनसले तर सगळ्या आवाराच्या लक्षात येते. तरी ग्लास स्वतःसमोर ओतून घ्या आणि टेबलावर सोडून जाऊ नका. त्रास झाला तर मनगटपट्टी बांधणाऱ्या टेबलापाशी या. तिथे बसलेल्या माणसाला एखाद्याची पट्टी कापून त्याला बाहेर काढण्याचा अधिकार असतो. मी तो तीनदा वापरला आहे आणि एकदाही कारण दोनदा विचारलेले नाही.

कोरड्या दिवशी (ड्राय डे, म्हणजे मद्यविक्री बंद असते त्या दिवशी) कार्यक्रम होतो का?

होत नाही. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी हे दिवस आयोजक आधीच टाळतात. घात होतो तो निवडणुकीमुळे: मतदान संपण्यापूर्वीचे ४८ तास विक्री बंद असते, आणि तारखा जाहीर झाल्या की महिनाभर आधी ठरवलेला शनिवार हातचा जातो. अशा वेळी तिकीट पुढच्या तारखेला चालते की पैसे परत मिळतात, हे तिकिटावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते.

ग्लास घरी नेता येतो का?

काचेच्या ग्लासासाठी बहुधा शंभर-दोनशे रुपये अनामत घेतात. ग्लास परत केला की पैसे परत, नाहीतर ग्लास तुमचा. प्लास्टिकचे वापरून फेकायचे पेले महाराष्ट्रात २०१८ पासून बंद आहेत, म्हणून ही पद्धत आली. ग्लास विसळण्याचा नळ वापरा, पण साबण लावू नका. साबणाचा अंश राहिला की फेस मरतो.

कूपने उरली तर?

परताव्याची खिडकी असली तर ती साडेनऊच्या सुमारास बंद होते, दहाला नव्हे, आणि याच कारणावरून प्रवेशद्वारापाशी दर वर्षी वाद होतो. दोन-चार कूपने उरली असतील तर मागे रांगेत उभ्या असलेल्या कोणालाही देऊन टाका. नाहीतर मंचावरून उतरलेल्या त्या ड्रमरला द्या. तो सहा वाजल्यापासून वायरी गुंडाळतोय आणि त्याने अजून काही प्यायलेले नाही.